मुनव्वरभाईंची मऊ सीट

स्वारगेटजवळ मुनव्वरभाई तीस वर्षं दुचाकींच्या सीट शिवतात. शिवून झाली की गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः तिच्यावर पाच मिनिटं बसायचं, हा त्यांचा नेम. मी स्कूटर न्यायला जावं, तर हे तिच्यावर डोळे मिटून बसलेले. घाई केली की विचारायचे, "आपल्याला बसायचंय की पळायचंय?"

गेल्या वर्षी त्यांना प्रत्येक सीट टोचायला लागली. दोष अर्थातच फोमचा! दोन फोमवाले बदलले, थरावर थर चढवले. माझी सीट तर इतकी मऊ केली, की बसलो की गुडघे कानाला लागत. गिऱ्हाइकं तुटू लागली, तीस वर्षांचं नाव मातीत जायची वेळ आली, तरी हा माणूस ऐकेना. मला खरंच राग यायचा.

लघवीला जळजळ होते म्हणून मध्यंतरी त्यांनी गोळ्या आणल्या होत्या. पाचव्या दिवशी बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या सुयांच्या डब्यात गेल्या. घरी अवाक्षर नाही. पण एकदा त्यांच्या पत्नी कमरजहां जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या, आणि तासाभरात नवरा चारदा मुतारीत जाऊन आलेला त्यांनी पाहिला. तशाच त्यांनी रिक्षा थांबवली.

डॉक्टरांनी तपासलं. कसं, ते मुनव्वरभाई सांगत नाहीत, नुसते "तौबा!" म्हणून कान पकडतात. तपासणीत जंतू सापडला. आतड्यातलाच, पण लघवीच्या वाटेने चढून मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत मुक्कामाला बसलेला.

"बसताना टोचतं ते या ग्रंथीमुळे. असं दुखणं दर वेळी जंतूंमुळेच असतं असं नाही, पण तुमचं आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या ग्रंथीत औषध सहजी शिरत नाही. तुम्ही गोळ्या अर्धवट सोडल्यात, जंतू आत राहिला. आता सहा आठवडे, एकही न चुकवता."

फोम निर्दोष आहे, याचंच मुनव्वरभाईंना जास्त वाईट वाटलं.

औषध संपलं, सीट टोचायच्या थांबल्या. मग त्यांनी सगळ्या मऊ सीट परत मागवून फुकट दुरुस्त करून दिल्या. अडले फक्त खराडीचे संपतराव.

"माझी ऱ्हाऊ द्या, भाई. उलट अजून दोन थर टाका. वरीस झालं, दुसरीकडं कुठं बसवतच न्हाई. सारखं लघवीलाबी पळाया लागतंय."

मुनव्वरभाईंनी कात्री खाली ठेवली. बायकोपासूनसुद्धा दुखणं लपवणारा तो माणूस भर दुकानात गरजला, "संपतराव, सीटला हात लावणार नाही! आधी लघवी तपासून या!"