बेलापर्यंतची फरशी

माझे मामा विरुपाक्ष म्हणजे लिंबागणेशातले एक नंबरचे चिकट किराणा दुकानदार. पुडी बांधून उरलेला वीतभर दोराही पुन्हा रिळाला गुंडाळणारे. अशा माणसानं साठी उलटल्यावर घर वाढवायला काढलं, तेव्हा गावाला वाटलं, म्हातारा बिघडला.

कारण होतं मल्लम्मामामीचं. दुकानाच्या पायरीवरून पडून तिच्या पाठीचा कणा दुखावला. अंबाजोगाईला दवाखान्यात दीड महिना ठेवलं, पण पायांतली ताकद गेली ती गेलीच. परसातला बेल तिनं लग्नाच्या वर्षी लावलेला. तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची, तेव्हा चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं तोडलेलीच पानं तिनं वाहिली. आता चाकाच्या खुर्चीतून दोन पायऱ्या उतरून परसात जाणं होईना, आणि दुसऱ्यानं आणून दिलेला बेल ती घेईना. बेलावाचूनच पूजा आटपायची आणि दिवसभर गप्प बसायची. मामांना ते बघवेना.

मग मागची भिंत पाडली, पायऱ्यांच्या जागी उतार केला. बेल मधोमध, भोवती भिंती, वर आभाळ मोकळं. "उजेड, वारा, पाखरं, समदं घरात आलं पायजे," मामा बजावत होते. पाया खणताना आडवी आलेली मुळं त्रिंबक मिस्त्रीनं तोडली. फरशीच्या वेळी मात्र तो अडला.

"मालक, बुडाशी आळं सोडा. झाडाला पानी कुठून मिळंल?"

"आळ्यात तिचं चाक अडकंल की बे! पार खोडापस्तोर घाल. शिमिट पक्कं भर."

त्रिंबकचं ऐकायला हवं होतं. मीही तिथंच उभी होते आणि मीही गप्प बसले, हे आज कबूल करते.

पहिल्या दिवशी मामी स्वतः चाकं ढकलत झाडापाशी गेली, खालची फांदी ओढून पानं तोडली आणि रडली. मामांनी डोळे पुसले. पाच-सहा महिने त्या घरात खरंच सुख होतं.

फाल्गुनात पानं गळाली. बेलाची गळतातच. चैत्र गेला, वैशाख सरत आला, तरी पालवी नाही. मामांनी पहार घेऊन खोडाभोवतीची फरशी स्वतः फोडली, घागरी ओतल्या. फार उशीर झाला होता.

आणि एका सकाळी मी मुक्कामाला असताना पाहिलं, मामी त्याच वाळक्या फांदीवरून हिरवी पानं तोडत होती. मामा दुकानात गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"शिवकन्ये, वाळक्या झाडाला पानं येत असत्यात व्हय? तुजे मामा उजाडायच्या आत कुठून तरी आनून दोऱ्यानं बांधत्यात. गाठ पुडीची हाय. चाळीस वर्सं तीच गाठ सोडतीय मी."

"मग तुला ती चालतात कशी?"

"तोडते तर मीच की. त्यास्नी वाटतंय, मला कळत न्हाई. वाटू दे. झाड आपल्या हातानं गेलं म्हनून लई लावून घेत्यात जिवाला."

आषाढात मामी गेली. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तिला बसवून शेतात समाधी दिली. परत आल्यावर मामा बेलाच्या खोलीत तिच्या खुर्चीजवळ फरशीवर बसले.

"पोरी, तिला कळलं तर न्हवतं ना?"

"न्हाई मामा," मी म्हणाले.

"बरं झालं." ते उठले, खुर्चीची गादी झटकायला उचलली आणि थांबले. गादीखाली दोऱ्याचा गुंडा होता. वीतवीतभर तुकडे एकमेकांना जोडून नीट गुंडाळलेले, दुकानात पुन्हा वापरता यावेत असे.

मामांनी तो मुठीत धरला. माझ्याकडे पाहिलंही नाही. खोडाला डोकं टेकवून ते लहान पोरासारखे रडले.