बँकॉकच्या विहारात डिंकाचे लाडू

तिकडे जपानमध्ये वहिनीचे दिवस भरत आले होते आणि भाऊ नोकरीत अडकलेला. आईचे गुडघे तिला जिना चढू देत नव्हते, म्हणून बाळंतपणाला मला पाठवायचं ठरलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकरोडच्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना शिकवत होते, लग्न व्हायचं होतं, आणि तोवरचा माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी, तीही अख्ख्या कॉलनीबरोबर.

वाटेत बँकॉकला विमान बदलायचं होतं. मध्ये आठ-नऊ तास. वडील एसटीत कंडक्टर होते, येवल्याच्या गाडीवर. त्यांनी मला समजावलं, "त्यात घाबरायचं काय? मनमाडला गाडी बदलतेस ना, तसंच. उतरायचं, पुढची गाडी कुठे लागते ते विचारायचं आणि फलाट सोडून कुठं जायचं नाही."

आईचं सांगणं एकच होतं. "वहिनीच्या लाडवांचा डबा हातातनं सोडू नको. सामानात टाकलास की गेला समज."

सकाळी बँकॉकला उतरले आणि पुढची गाडी कुठे लागते ते विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी हसून पासपोर्टवर शिक्का मारला, एका हॉटेलचं कार्ड हातात दिलं आणि सांगितलं, दुपारी तीनला तुम्हाला न्यायला गाडी येईल, तोवर आराम करा. म्हणजे फलाट मला सोडावाच लागला.

हॉटेलच्या खोलीत एसी इतका गार, की पलंगावरची चादर गुंडाळून बसले. तो बंद कुठून करतात ते सापडेना. विचारायला लाज वाटली. शेवटी म्हटलं, इथे कुडकुडण्यापेक्षा बाहेर उन्हात फिरलेलं बरं. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात डबा, अशी मी बँकॉक बघायला निघाले.

कोपऱ्यावर एक बाई हातगाडीवर अननस कापत होती. तिला विचारलं, "विहार?" तिने मान हलवली. "बुद्ध विहार?" तिने मला अननस दाखवला. मग मी डबा खाली ठेवला, डोळे अर्धे मिटले, तळहातावर तळहात ठेवला आणि फुटपाथवर उभ्याउभ्याच ध्यान लावलं. तिने सुरी बाजूला ठेवली, पोट धरून हसली आणि समोरच्या गल्लीकडे बोट केलं.

गल्लीच्या टोकाला खरंच विहार होता. आमच्या कॉलनीतला विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. इथे छपराला सोनेरी टोकं, आत थंडगार फरशी आणि चटईवर बसलेल्या पंधरा-वीस बायका. समोर ओट्यावर नऊ भन्ते रांगेत बसले होते. मी मागे दाराशीच टेकले. तेवढ्यात सगळ्यांनी म्हणायला सुरुवात केली. "फुत्थंग सरनंग खच्छामि…"

अरे, हे तर आपलंच! उच्चार जरा तिकडचे, पण त्रिशरणच. मीही सुरू केलं. वर्गात पन्नास पोरांवर चालणारा आवाज माझा, हळू निघतच नाही. "दुतियम्पि बुद्धं सरणं गच्छामि" असं मी म्हणाले आणि पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. पांढरा ब्लाउज घातलेल्या एका आजी उठून माझ्याकडे आल्या.

"इंडिया?" त्यांनी विचारलं.

"हो. नाशिक."

नाशिक त्यांना कळलं नाही, पण इंडिया पुरलं. त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, माझं मनगट धरलं आणि मला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. बुद्धाच्या देशातली पाहुणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर अजून बोधगयासुद्धा पाहिली नव्हती. पण दुसरंही काही आठवलं. आमच्या आजोबांना नाशकातल्याच देवळाच्या दाराबाहेर थांबवलं होतं, ते हे कितीदा सांगायचे. पुढची गाथा म्हणताना माझा आवाज आपोआप खाली आला.

पंचशील झालं आणि बायका भोजनदानासाठी ताटं पुढे करू लागल्या. आजींनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग डब्याकडे. मी डबा उघडला. पहिला लाडू थोरल्या भन्तेंच्या हातात द्यायला गेले, तर आजींनी माझा हात झटकन मागे ओढला. बाईने हातात द्यायचं नसतं तिकडे. भन्तेंनी समोर पिवळं कापड पसरलं, मी त्यावर लाडू ठेवला. एकाला दिला म्हणजे नऊही जणांना देणं आलं.

थोरल्या भन्तेंनी लाडू तोंडात धरला. आईचे डिंकाचे लाडू म्हणजे दाताची परीक्षा. त्यांनी एक बाजू लावून पाहिली, मग दुसरी. मग लाडू ताटलीत ठेवून चमच्याने ठोकला, तो उडून शेजारच्या भन्तेंच्या भातात जाऊन पडला. मग थोरले भन्तेच खांदे हलवत हसू लागले आणि सगळा विहार हसला. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

भन्तेंचं जेवण उरकल्यावर आजींनी मला भात, मासा आणि नारळाच्या दुधातलं काहीतरी गोड वाढलं. हॉटेलचं कार्ड दाखवल्यावर स्वतः रिक्षात बसून सोडायला आल्या. उतरल्यावर मी वाकून पाया पडले, तर त्याही वाकल्या. दोघींची डोकी आपटली.

दुसऱ्या दिवशी जपानला भावाच्या घरी पोचताच मी वहिनीला लाडवांचं खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं केलंत वन्सं, मला डिंक आवडतच नाही. सासूबाईंना मात्र कळवू नका." बाळ आठव्या दिवशी झालं, मुलगी.

नाशिकला परतल्यावर कॉलनीतल्या बायकांनी बँकॉकची मोठमोठी ठिकाणं विचारली. त्यातलं एकही मी पाहिलं नव्हतं. आणि जो विहार पाहिला, त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.