पाव्हण्याचं पथ्य

नीलक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पायरीवर बसून एका तांबड्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी वेचत होत्या. एकेक ओढून साबणाच्या पाण्यात टाकायची, आणि कुत्रा हलला की "सुम्न कूड! गप बस की!" असं कानडी-मराठीत दटावायचं. मी जनावरांची डॉक्टर, बदली होऊन नुकतीच सोलापुरात आलेली आणि खोली शोधणारी. त्यांनी मान वर न करताच अट सांगितली, "खोली देते. पर आमी लिंगायत. घरात अंडं आलं की तुमचं सामान भाईर."

कुत्र्याचं नाव पाव्हणा. एका पावसाळ्यात आडोशाला आला आणि राहिलाच. नीलक्का विधवा, पोटी मूल नाही. घरी कडक भाकऱ्या करून विकायच्या. घेणारी बहुतेक त्यांच्याच समाजातली घरं. सासरकडून येणारं एकच माणूस, धाकटे दीर शिवप्पा. दर सोमवारी देवळातून परतताना ते यायचे, भाकरी खायचे, वहिनीची विचारपूस करायचे. त्या दिवशी नीलक्कांचा आवाज सकाळपासूनच मोकळा असायचा.

एवढ्या गोचिडी वेचूनही पाव्हण्याला गोचीडताप झालाच. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लालसर झाली. काचपट्टीवर रक्त पाहिलं तर तांबड्या पेशींमध्ये परजीवी बसलेले. औषध सुरू केलं, ताप उतरला. पण त्याच्या पोटाखाली आणि मागच्या पायांवर सूज चढू लागली. रक्ताचा रिपोर्ट घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

"अक्का, रक्तात दोन तऱ्हेची प्रथिनं असतात. एक अल्ब्युमिन, ते पाणी रक्तात धरून ठेवतं. दुसरी रोगाशी लढतात. पाव्हण्याची लढणारी फार वाढलीत आणि अल्ब्युमिन तळाला गेलंय. म्हणून पाणी झिरपून सूज येतेय."

त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली. "म्हंजे घरातली समदी भांडायला गेली, आन् घर सांभाळायला कुणीच न्हाय. आसं की?"

"तसंच."

"मग काय घालू त्याला?"

मी पनीर सांगितलं, दही सांगितलं. पाव्हण्यानं दोन्हीकडून तोंड फिरवलं. दोन-तीन दिवस त्या हातात वाटी घेऊन त्याच्यापाशी बसून होत्या, "तिन्नप्पा, खा की राजा," म्हणत. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "तुमचं कायतरी बोलायचं ऱ्हायलंय. बोला."

"उकडलेलं अंडं खाईल कदाचित. मी दवाखान्यात उकडून आणते, घरात नको."

"कुत्रं माजं. त्याच्यासाठी दुसऱ्यानं का उकडायचं?"

त्या स्वतः दुकानात गेल्या. अंगणात तीन विटा मांडल्या, एक जुनं पातेलं वेगळं काढलं. पदर नाकाला लावून अंडी उकडली, सोलली, कुस्करली. पाव्हण्यानं वास घेतला आणि मान खाली घालून खायला लागला. नीलक्का तिथंच भिंतीला टेकल्या आणि रडल्या. मग उठून, ऐन थंडीत, पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली आणि पूजेला बसल्या. पुढं रोज हेच.

सोमवारी शिवप्पांनी टरफलं पाहिली.

"वैनी, गळ्यात लिंग हाय तुमच्या. आन् हे काय?"

"लिंग माज्या गळ्यात हाय. त्याच्या न्हाय की."

"लोकांना कळलं तर भाकरी कोण घेईल?"

"इचारलं तर सांगीन. लपवायची न्हाय."

शिवप्पा पाणीही न पिता निघून गेले. लोकांनी विचारलं, नीलक्कांनी सांगितलं. काही घरांनी भाकरी बंद केली. नीलक्का उरलेल्या घरांसाठी भाकऱ्या करत राहिल्या. शिवप्पाही येईनासे झाले. सोमवारी मात्र फाटक वाजलं की पीठ मळणारा हात थांबायचा.

पाव्हण्याची सूज हळूहळू ओसरली. पुढच्या रिपोर्टात अल्ब्युमिन वर आलं होतं. "सांभाळणारी परत आली," मी म्हटलं. त्या हसल्या, पण अर्धंच.

उन्हाळा लागता लागता एका सोमवारी शिवप्पा आले. फाटकातच उभे राहिले. पाव्हणा जाऊन त्यांचे पाय हुंगू लागला.

"बरा झाला जनू ह्यो. आता शिजवत न्हाय न्हवं?"

"न्हाय. पर पुन्ना लागलं तर शिजवीन."

शिवप्पांनी पाव्हण्याकडं पाहिलं. मग शिवप्पांनी चपला काढल्या आणि ओट्यावर टेकत म्हणाले, "पाणी द्या, वैनी. लई ऊन हाय."

पुढं माझी सांगोल्याला बदली झाली. गेल्या वर्षी नीलक्का गेल्या, झोपेतच. कळवायला शिवप्पांचा फोन आला होता.

आता एखाद्या कुत्र्याचा रिपोर्ट हातात आला की मालकाला आकडे सांगण्याआधी मी विचारते, "तुमच्या घरात काय शिजतं?" काही माणसं उत्तर देताना अडखळतात, खाली बघतात. मी घाई करत नाही.