दोघींच्या अक्षरातलं पत्र

न्यायालयाच्या आवक विभागातल्या त्या कारकुनाला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितात. हा गडी पाणीही फुंकून प्यायचा. बायको म्हणायची, "लग्नाच्या दाखल्यावरची माझी सहीसुद्धा यांनी दोनदा पडताळली असेल." खोट्या सह्या, मागच्या तारखा, मेलेल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं, सगळं त्याने पकडलं होतं. त्यामुळे संशय हा आपला गुणच, अशी त्याची पक्की समजूत.

एका सकाळी टपालात वहीच्या कागदावरचं पत्र आलं. 'माझ्या नवऱ्याला पोलिसांनी घरातून नेलं. चार दिवस झाले. चौकीवर म्हणतात, आणलाच नाही.' पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावंच लागतं. आणि अशी तक्रार साध्या पत्रातून आली, तरी ती अर्ज समजून त्याच दिवशी न्यायमूर्तींपुढे ठेवायची, असा नियम. शंकासुराला तो तोंडपाठ होता. पण पहिल्या सहा ओळी एका अक्षरात आणि उरलेल्या दुसऱ्याच! 'इथं कुठंतरी पाणी मुरतंय,' तो पुटपुटला. पत्र बाजूला ठेवून त्याने त्याच चौकीकडे विचारणा पाठवली. दुसऱ्या दिवशी शिक्क्यानिशी उत्तर आलं: असा इसम आमच्या ताब्यात नाही. त्याने ते पत्राला टाचलं आणि निवांत डबा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी ती बाईच खिडकीशी आली.

"अर्धं पत्र तुम्ही लिहिलंत. उरलेलं कोणी?" त्याने दरडावलं.

"जावेनं. मला पुढं लिहवेना, दादा."

पत्र घेऊन शंकासुर धावतच न्यायमूर्तींकडे गेला. माणसाला दुपारी तीनपर्यंत हजर करा, असा हुकूम सुटला. आणि जो ताब्यातच नव्हता, तो पावणेतीनला त्याच चौकीतून आला. उजव्या हाताला बँडेज.

"हे कधी झालं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"काल संध्याकाळी."

दाराशी उभ्या शंकासुराला स्वतःची किळस आली. जन्मभर कागद उन्हात धरून बघणाऱ्याने पोलिसांचा शिक्का तेवढा डोळे मिटून मानला होता.

सरकारी वकील उठले. "साहेब, बाईंची तक्रारच आज आली. उशीर कोणाकडूनच झालेला नाही."

कोणी विचारलं नव्हतं, तरी शंकासुर पुढे झाला. "परवा आली, साहेब. ती मी दाबून ठेवली होती."