झाकलेलं सानं

रखमाजी शिपाई म्हणजे मदरशाच्या हवेचा मालक, असं गाव थट्टेनं म्हणायचं. तेव्हा निजामाचं राज्य. घनसावंगीकडल्या त्या गावातला सरकारी मदरसा, म्हणजे आपली शाळाच, मातीच्या धाब्याच्या एका जुन्या माळवदात भरायचा. उन्हाळ्यात रखमाजी वाळ्याची तट्टी भिजवायचा, कापडी पंखा दोरीनं ओढायचा, थंडीत शेगडी पेटवायचा. माळवदाला उजेडावाऱ्यासाठी भोक असतं ना, सानं म्हणतात ते, तेही पावसात झाकायचं आणि उघाड पडली की उघडायचं काम त्याचंच. वीस वर्षं गड्यानं हे केलं आणि बराबर केलं. कामाचा त्याला भारी तोरा होता, आणि तोच नडला.

त्या साली पौषात हाडं फोडणारी थंडी पडली आणि त्यातच तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, नाझरसाहेब तपासणीला यायचे ठरले. आदल्या साली शेगडीतल्या गोवऱ्यांच्या धुरानं साहेबांचे डोळे चुरचुरले होते आणि ते चारचौघांत रखमाजीला नाही नाही ते बोलले होते. ते त्याच्या जिव्हारी लागलेलं. या खेपेला त्यानं गोवऱ्यांना रजा दिली, लाकडाचा लोणारी कोळसा आणला, मोठी शेगडी करवून घेतली. कोळशाला धूर न्हाई, मंग धूर जायला भोक तरी कशाला पाहिजे? माळवदावर चढून त्यानं सान्यावर खापर पालथं घातलं, कडेनं चिखल लिंपला, खाली येऊन दारंखिडक्या लावल्या. खोली कशी छान उबदार झाली. रखमाजी स्वतःवरच खूश.

ख्वाजामियाँ मास्तर शेगडीला खेटून शिकवायला बसले. किडकिडीत माणूस, पाच वेळचा नमाजी, विडीलासुद्धा कधी शिवला नाही. दोन तासांनी साहेब दार उघडून आत आले तेव्हा मास्तरांचे डोळे तांबारलेले, जीभ जड झालेली. सलाम करायला उठले ते खुर्चीसकट कोसळले. पोरंही पेंगत होती, पण पोरांकडं बघतो कोण? मास्तर अफू खाऊन आलेत, असं साहेबांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. बिनधुराची शेगडी मात्र त्यांच्या मनात भरली. अंगणात पाटलाकरवी त्यांनी रखमाजीला जरीकाठी पागोटं बांधवलं.

पागोटं डोक्यावर मिरवतच रखमाजी शेगडी उचलायला आत गेला. वाकला, तर गरकन चक्कर आली. बाहेर वाऱ्यावर आला, तर डोकं मोकळं झालं. त्यानं वर सान्याकडं बघितलं आणि त्याला उमगलं: धूर नसला तरी कोळशाचा विखार आत कोंडला होता, मास्तरांना तोच चढला होता. साहेबांची गाडी अजून वेशीतच उभी होती. पन्नास पावलं चालला असता, खरं बोलला असता, तर एका गरिबाची अब्रू वाचली असती. नाही चालला! पागोटं जाईल, पोटावर पाय येईल, असा विचार केला त्यानं. दिवस मावळायच्या आत गुपचूप खापर काढून ओढ्यात फोडून आला.

मास्तरांचा दर्जा उतरवून त्यांची बदली जाफराबादला झाली. 'अफूवाले मास्तर' म्हणून गावानं दात काढले. निघायच्या दिवशी मास्तर मुद्दाम रखमाजीला भेटायला आले. म्हणाले, "सारं गाव हसलं, रखमाजी. तुम्ही तेवढे हसला न्हाईत. अल्ला तुमचं भलं करो."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण तोंड उचकटलं नाही.

जनाला काही ठाऊक नव्हतं, पण मनाची लाज पाठ सोडीना. पागोटं पेटीत गेलं ते गेलंच. रखमाजी आता भर पावसातही मदरशाचं सानं झाकू देईना. पोरं भिजायची, लोक म्हणायचे शिपाई चळला. बायको गोजरबाई काय झालं म्हणून विचारायची, तर तिच्यावरच खेकसायचा.

तिसऱ्या थंडीला मात्र त्याच्यानं राहवेना. पागोटं फडक्यात बांधून तो जाफराबादला गेला. मास्तर ओट्यावर बसलेले, वाळून निम्मे झालेले. रखमाजीनं सगळं ओकून टाकलं: कोळसा, खापर, चिखल, वेशीतली गाडी. मास्तर दोन मुस्काटात ठेवून देतील तर बरं, असं त्याला वाटत होतं. मास्तरांनी हात उचललाच नाही.

मग हळूच म्हणाले, "मला काय सांगता? म्या अफू खाल्ली न्हवती हे मला ठाऊकच हाय. आत माझी बीबी बदरुन्निसा हाय, तिला सांगा. दोन वर्षं झाली, घरात पाऊल टाकलं की ती माझे खिसे चाचपून राह्यलीय."

दाराला पडदा होता. पडद्याआड भांडी घासायचा आवाज चालला होता, तो थांबला. रखमाजीनं फडकं सोडून पागोटं उंबऱ्यावर ठेवलं. वाटेनं घोकत आणलेलं सारं तो विसरून गेला.

"भाभी," तो म्हणाला, "मास्तरसाहेबांनी कायबी खाल्लं न्हवतं. सानं म्या झाकल्तं."

आतून बाईचा आवाज आला, "दोन वर्षं कुठं होता, भाई?"

रखमाजीनं उंबऱ्यावरच्या पागोट्याकडं बोट केलं. "ह्याच्याखाली दडलो व्हतो, भाभी."