हातोडीखालची नाणी

इथे परदेशात, शॉमबर्गला, आमच्या शेजारी थायलंडच्या एक बाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना मावशी म्हणते, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून त्या हाकेला ओ देतात.

एका शनिवारी सकाळी त्यांनी माझ्या ओट्यावर चांदीचे तीन भरीव गोळे ठेवले. जाड कांडी दोन्ही टोकांनी आत वळवून ठोकलेली. त्यांच्या देशातली जुनी नाणी, आईकडून आलेली.

"तिन्ही नातवंडांना एकेक द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "पण नाण्यांचा दुकानदार म्हणाला, साच्यात ओतलेली नक्कल आहे."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पण वाढले साताऱ्याला, सोनाराच्या घरात. वडिलांनी मुलगी म्हणून मला ऐरणीपासून लांब ठेवलं नाही. नाणं खिडकीशी नेऊन फिरवलं. वर चक्राचा ठसा, बाजूला दुसरा. टोकं वळली तिथे बारीक, तीक्ष्ण सुरकुत्या.

"मावशी, ही ओतलेली नाहीत. ठोकून घडवलेली आहेत."

"तो तीस वर्षं हेच करतो."

"असू दे. आपण परत जाऊ."

नुसतं बोलून भागणार नव्हतं. माझा एक जुना चांदीचा वाळा आटवून मी गॅरेजमध्ये कांडी केली आणि वळवायला घेतली. पहिली तडकली, पुरेशी तापवली नव्हती. दुसरी लाल करून पाण्यात विझवली, पुन्हा तापवली, दमाने ठोकली. वळली. ठसा नव्हता, पण घाट तोच.

पुढच्या शनिवारी माझं नाणं आणि मावशींचं एक, दुकानदारासमोर शेजारी शेजारी ठेवली.

"हे मी केलंय, याच आठवड्यात. भिंगातून ही घडी बघा. आता यांच्या नाण्याची बघा. ओतलेल्या नाण्यात या रेषा बोथट दिसतात."

त्याने बराच वेळ पाहिलं. मग बाकीची दोन मागून घेतली, तीही पाहिली. भिंग खाली ठेवून तो माझ्याकडे नाही, मावशींकडे वळला.

"मी घाईने बोललो. सॉरी. तिन्ही अस्सल आहेत."

मावशींनी मान लववली आणि नाणी रुमालात बांधली.

रविवारी नातवंडं आली तेव्हा त्यांनी मलाही बोलावलं. धाकटीने नाणं तळहातावर घेऊन विचारलं, "समबडी ॲक्चुअली हिट धिस?"

"हो," मी म्हणाले. "आणि चांगलं जोरात."