नानांनी ठेवलेला बोकडाचा पाय

नाना गेल्याची बातमी श्रावणनेच जळगावला आणली. जिन्यावर पाय वाजले तेव्हाच धाकटा भाऊ आलाय हे कळलं. त्याचं एक पाऊल रोवून टेकतं, दुसरं नुसतं पडतं. दारात उभं राहून तो म्हणाला, "भाऊ, नाना गयात..." हातात फडक्याची गुंडाळी होती.

नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. धरणगावच्या आसपास कुणाचा खांदा निखळला, पाय मुरगळला की माणसं त्यांच्या ओट्यावर येत. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी घराण्यातला पहिला बी. एस्सी. त्याचा गर्व होता, अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? मी पास झालो त्याच उन्हाळ्यात श्रावण उधळलेल्या बैलांमागे धावला आणि मध्येच मटकन बसला. मागून कुणी टाचेवर दांडका हाणला असं वाटून त्याने वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. नानांनी त्याला बाजेवर पालथं निजवलं, पावलं बाहेर लोंबती ठेवली आणि पोटऱ्या दाबल्या. उजवं पाऊल मान डोलावल्यासारखं हललं. डावं हललं नाही. "दोरी तुटेल शे. धुयाले लई जा, दवाखानामा." मी म्हणालो, "नाना, बोटं हलतात त्याची. पाऊलही थोडं खाली दाबतोय. कंडरा तुटली असती तर हे जमलं असतं का? स्नायू दुखावलाय, शेक द्या." वडील म्हणाले, "तो शिकेल शे." शिकलेल्याचा शब्द, संपलं. नाना उठून ओट्यावर जाऊन बसले.

महिनाभर शेक झाला. शेवटी धुळ्याला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, तुटलेली टोकं आखडून लांब गेली, फार उशीर केलात. श्रावणला पुन्हा नांगर धरता आला नाही.

नानांनी मला कधी बोल लावला नाही. वर्षाने, जळगावच्या शाळेत मास्तर झाल्यावर, मीच विचारलं, "पण बोटं तर हलत होती..." ते बाजारातून बोकडाचा पाय घेऊन आले. कातडं सोललं, टाचेचा जाड पांढरा दोर सुरीने कापला आणि शेजारचा बारीक दोर ओढला. खूर वाकला. "बठ्ठा दोरा येगळा येगळा शेतस, मास्तर." सगळे दोर वेगवेगळे, एवढंच बोलले.

श्रावणने गुंडाळी उघडली. तोच पाय, मांस खरवडून वाळवलेला. "शाळामा दखाड, म्हने नाना." मग मी त्याला सगळं सांगितलं... नाना काय म्हणाले होते, मी काय म्हणालो होतो. इतक्या वर्षांत धीर झाला नव्हता. तो आपली पोटरी चोळत म्हणाला, "मी पालथा व्हतू भाऊ, बहिरा नव्हतू."

परवा वर्गात स्नायू आणि कंडरांचा धडा होता. आदल्या दिवशी तो पाय कोमट पाण्यात भिजत घातला. दोर मऊ झाले, बारीक दोर ओढला की खूर वाकू लागला, मुलं हसली. जाड दोराची दोन टोकं जवळ आणून पाहिली. थकलो, पण पुरली नाहीत.